कोणाचंच नसलेलं मत

मुलांनो, एक कात्री डोळ्यांसमोर आणा. हस्तकलेच्या तासाला कागद कापायची छोटी नव्हे. शिंप्याची, पोलादी, इतकी जड की तुम्हाला उचलायला दोन्ही हात लागतील. तिची एक मूठ चार बोटं मावतील एवढी मोठी, दुसरी फक्त अंगठ्यापुरती. उन्हाकडे तिरपी धरली की पात्यावर बारीक इंग्रजी अक्षरं दिसतात. वापरून वापरून ती पुसट झालीत, पण बोट फिरवलं तर अजून हाताला लागतात. दिसली का? आता ती मांडीवर घेऊन बसलेली एक मुलगी डोळ्यांसमोर आणा. तिचं नाव अफरीन. वय दहा. आणि ती बसली आहे ते दुकान एरंडोलच्या बाजारातलं, तिच्या अब्बूंचं, हारुनभाईंचं शिवणकामाचं दुकान.

पात्यावरची अक्षरं अफरीनला पहिलीतच वाचता आली होती. शेफील्ड. ते इंग्लंडातल्या एका शहराचं नाव. तिथं फार पूर्वीपासून सुऱ्या आणि कात्र्या बनत. अफरीनच्या पणजोबांनी ही कात्री जळगावच्या बाजारातून घेतली, आणि तेव्हापासून ती घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. पुढं गंमत अशी झाली की अब्बूंच्या धाकट्या बहिणीचं, जीनतफुफीचं, लग्न झालं आणि नवऱ्याच्या नोकरीपायी ती राहायला गेली ती नेमकी त्याच शहरात. अफरीनची दादी जुबेदा म्हणायची, "कात्रीनंच ओढून नेलं माझ्या पोरीला. लहानपणी सारखी हिच्याशी खेळायची."

त्या मे महिन्यात फुफी शेफील्डच्या महानगरपालिकेच्या निवडणुकीला उभी राहिली.

घरात आधी कोणाला पटेना. फुफीचा पासपोर्ट अजून भारताचाच होता. पण तिनं फोनवर समजावून सांगितलं, की तिथं कायमचं राहणाऱ्या आपल्या देशाच्या माणसालाही तिथल्या महानगरपालिकेसाठी मत देता येतं आणि उभंसुद्धा राहता येतं. मग तिनं अफरीनला तिथल्या मतदानाबद्दल सांगितलं. तिथं यंत्राचं बटण दाबत नाहीत. कागद देतात, आणि फळ्यांच्या आडोशाला दोरीनं बांधलेली एक पेन्सिल असते. त्या पेन्सिलीनं हव्या त्या नावापुढं फुली मारायची, कागद दुमडायचा, पेटीत टाकायचा. बोटाला शाई नाही. लोक येताना आपली कुत्रीसुद्धा घेऊन येतात, आणि ती दाराशी मुकाट बसून राहतात.

"पेन्सिल?" अफरीन म्हणाली. "आणि कोणी खोडून टाकलं तर?"

फुफी हसली. "कोणी खोडत नाही गं."

या उत्तराचा अफरीननं पुष्कळ विचार केला. पेन्सिलीनं लिहिलेलं, आणि कोणी खोडत नाही. तिच्या वर्गात तर दप्तर उघडं ठेवून पाणी प्यायला जायची सोय नव्हती.

आता त्या दुकानाच्या उजवीकडच्या भिंतीकडे बघा. भिंतीपलीकडून चर्र असा आवाज येतोय. तिथं झुलालनाना केळीचे वेफर्स तळतात. कच्ची केळी सोलायची, किसणी थेट कढईवर धरायची आणि चकत्या पावसाच्या सरीसारख्या उकळत्या तेलात सोडायच्या. त्यांचा हात इतका सराईत की डोळे दुसरीकडे आणि चकत्या एकसारख्या. तळून झाले की परातीच्या तळाशी मोडके तुकडे राहत. त्याला नाना चुरा म्हणत. तो चुरा कागदाच्या पुडीत अफरीनचा. हे ती चालायला लागल्यापासून ठरलेलं होतं.

पण गेल्या हिवाळ्यापासून अफरीन त्या दुकानासमोरून गेलीच नव्हती. बाजारात जायचं तर ती मागच्या बोळातून जायची. बोळात गटार होतं, एक भुंकणारा कुत्रा होता, तरी.

कारण असं झालं होतं. हिवाळ्यात एरंडोलच्या नगरपालिकेची निवडणूक झाली. त्यांच्या प्रभागात झुलालनाना उभे होते आणि समोर हेमराजभाऊ. मतं मोजली तर दोघांची अगदी सारखी. पुन्हा मोजली, तरी सारखी. अशा वेळी चिठ्ठी टाकतात. आणि आपल्याकडे ती चिठ्ठी उचलायला लहान मूल बोलावतात, कारण लहान मुलाला पक्ष नसतो. निवडणुकीचे साहेब म्हणाले, एखादं मूल आणा. हेमराजभाऊंची माणसं म्हणाली, नानांच्या घरातलं नको. नानांची माणसं म्हणाली, हेमराजच्या गल्लीतलं तर मुळीच नको. बराच वेळ घोळ चालला. शेवटी नानाच उठले आणि म्हणाले, "आमना शेजारना हारुनभाऊनी पोर शे. तिले बोलवा. ती मनी बी शे आनि हेमराजनी बी शे." पोर दोघांचीही, हे हेमराजभाऊंना पटलं आणि त्यांनी होकाराची मान हलवली. त्यांचे सदरेही हारुनभाईच शिवत.

अफरीनला आणलं. स्टीलच्या डब्यात दोन घड्या घातलेल्या चिठ्ठ्या होत्या. "डोळे मिट बेटा, आणि एक काढ," साहेब म्हणाले. तिनं मिटले. हात घातला. दोन्ही चिठ्ठ्या बोटांना लागल्या. एक सोडली, एक धरली.

मग एकदम ढोल वाजला आणि गुलालाचा ढग उठला. तिनं डोळे उघडले तेव्हा समोरची माणसं हेमराजभाऊंना खांद्यावर घेत होती, आणि नाना गर्दीतून वाट काढत पाठमोरे चालले होते. तिच्या हातावर गुलाल पडला होता. नळाखाली धुतला तरी रेषांमध्ये तो गुलाबी रंग तसाच राहिला.

एवढ्यावर ती विसरलीही असती. पण शाळेत सरांनी नागरिकशास्त्राच्या तासाला नियम सांगितला. चिठ्ठी ज्याच्या नावानं निघते, त्याला एक मत जास्त मिळालं असं कायद्यानं धरतात.

मागच्या बाकावरून हसीब म्हणाला, "म्हणजे सर, अफरीननं मतदान केलं. आम्हाला अजून आठ वर्षं थांबायचंय आणि हिनं करूनपण टाकलं."

"आणि दिलं कोणाला, तर हेमराजभाऊंना," दुसरा कोणीतरी म्हणाला. सगळा वर्ग हसला. सरही हसले.

अफरीन हसली नाही. ते जादाचं एक मत तिच्या हातातून पडलं होतं. म्हणजे ते तिचंच. आणि ते तिनं नानांच्या विरुद्ध दिलं. नानांना तोंड कसं दाखवायचं? कोणाला विचारायचीही सोय नव्हती, कारण विचारायचं तर आधी ते बोलून दाखवावं लागलं असतं. वर्गात गटासाठी चिठ्ठी काढायची वेळ आली की ती म्हणायची, मी नाही, दुसऱ्या कोणाला सांगा. कॅरमची पहिली पाळी कोणाची हे ठरवायला सोंगटी लपवलेल्या मुठी पुढं आल्या की ती उठून जायची.

आणि भिंतीपलीकडे? नाना दोनचार दिवस हाका मारत राहिले. मग हाका थांबल्या. ते कोणाला तरी म्हणाले म्हणे, हारुननं पोरीला आवरलं असेल, निवडून आलेल्या माणसाशी वाकडं कशाला घ्या. हे हारुनभाईंच्या कानावर आलं, त्यांना वाईट वाटलं, पण तेही काही बोलले नाहीत. एका भिंतीच्या दोन बाजूंना मोठी माणसंसुद्धा अशी गप्प राहतात.

शेफील्डची मतमोजणी शुक्रवारी होती. हारुनभाई जुम्म्याची नमाज पढून आले, जेवले, आणि दुकानात कपाटाला टेकवून मोबाइल उभा केला. तिथं तेव्हा सकाळ होती. आपल्याकडे दिवस उतरतो तेव्हा तिथं दुपार होते. बाहेर ऊन इतकं की रस्त्यावर माणूस नव्हता. दादी कूलरसमोर खुर्ची ओढून बसली. अफरीन शिलाई मशीनच्या मागं, कापडाच्या गठ्ठ्यावर, कात्री मांडीवर घेऊन.

चार वाजून गेल्यावर दारात सावली पडली. झुलालनाना उभे होते. खांद्यावर पंचा, हातात वेफर्सची मोठी पुडी.

"लागना का रे हारुन फोन?" ते म्हणाले. "जीनतचा निकाल आहे ना आज. म्हटलं, गोडाचं काही नाही, पण खारं तरी घेऊन जावं. ती पोर माझ्या कढईपाशीच वाढली."

"या नाना, या. बसा." हारुनभाईंनी स्टूल पुसून दिलं. दोघांनी एकमेकांकडे नीट पाहिलं नाही.

अफरीन मशीनच्या मागं आणखी खाली सरकली.

फोन लागला. पडद्यावर फुफीचा मुलगा शाहबाज आला. तो तिथं कॉलेजात शिकत होता. "अस्सलामु अलैकुम नानी, मामू. खाली टेबलांजवळ फोन नेऊ देत नाहीत. मी वर गॅलरीत उभा आहे. इथून दाखवतो."

त्यानं फोन फिरवला, आणि दुकानातली सगळी माणसं पुढं वाकली.

खाली एक प्रचंड मोठं मैदान होतं, छत असलेलं, खेळायचं. जमिनीवर रंगीत पट्टे आखलेले होते आणि त्यांच्यावर टेबलांच्या लांबच लांब रांगा. टेबलांपाशी बसलेली माणसं कागद उलगडत होती. कोणी ओरडत नव्हतं. एवढी माणसं एका जागी आणि नुसता कागदांचा सळसळ आवाज, वाऱ्यानं केळीची पानं हलावीत तसा. समोर उमेदवारांची माणसं हात मागं बांधून उभी होती, वाकून बघत होती, पण कोणी कागदाला बोट लावत नव्हतं.

"पेन्सिलीच्या फुल्या दिसतायत का?" अफरीनच्या तोंडून मागूनच निघून गेलं. नानांनी मान वळवली. तिनं डोकं खाली घातलं.

"इतक्या वरून कशा दिसतील?" शाहबाज म्हणाला. "ते बघा अम्मी. हिरव्या ओढणीत."

फुफी टेबलाच्या टोकाशी उभी होती. शेजारी एक उंच, पिकल्या केसांचे गृहस्थ. शाहबाजनं सांगितलं की तेच अम्मीच्या विरुद्ध उभे आहेत. आधी ते शहरात बस चालवायचे, आणि शाहबाज लहानपणी त्यांच्याच बसनं शाळेत जायचा. दोघं काहीतरी बोलत होती. फुफी हसलीसुद्धा.

"विरुद्ध उभ्या माणसाशी काय बोलते ही?" दादी म्हणाली.

"पावसाबद्दल बोलत असतील, नानी. इथं सगळे पावसाबद्दलच बोलतात."

मग खाली काहीतरी हललं. करड्या कोटातली एक बाई आली, मोजणीची मोठी अधिकारी. तिनं फुफीला आणि त्या गृहस्थांना बाजूला बोलावलं. कागद पुन्हा टेबलावर आले. शाहबाज म्हणाला, पुन्हा मोजतायत. चहा झाला. नानांनी पुडी उघडली, पण कोणी खाल्लं नाही. बराच वेळ गेला, आणि शाहबाजचा आवाज बदलला.

"मामू, सारखी. अगदी सारखी आलीत. दोन वेळा मोजली."

दादीनं खुर्ची पडद्याजवळ ओढली.

अफरीन मशीनच्या वर डोकं काढून पडद्याकडे बघत होती. टेबलावर दोन ढीग होते. ती विचार करत होती की यातला एकेक कागद एकेका माणसाचा. कोणी कामावर जायच्या घाईत आलं असेल, कोणी भिजत, कोणी कुत्र्याला दाराशी बसवून. एकानं दुसऱ्याला विचारलं नव्हतं. आडोशाला जाऊन प्रत्येकानं गुपचूप फुली मारली. आणि एवढं करून तराजूचा काटा मधोमध. ना इकडे, ना तिकडे. जणू कोणी एवढ्या मोठ्या शहराची बरोब्बर मधोमध घडी घातली होती, जशी अब्बू कापायच्या आधी कापडाची घालतात. आणि मग तिच्या लक्षात आलं की असंच आपल्या गावाचंही झालं होतं. तिनं तेव्हा डोळे मिटलेले होते, म्हणून तिला ते दिसलंच नव्हतं.

"म्हणजे आता चिठ्ठी," हारुनभाई म्हणाले.

"कोणाचं लेकरू आणतील?" दादी म्हणाली.

"जवळपास शाळा असेल एखादी," नाना म्हणाले. "तिथून आणतील. दोन्हीकडच्यांना चालेल असं."

कोणालाच यात काही वेगळं वाटलं नाही. चिठ्ठी म्हटली की मूल आलंच. पण अफरीन उठली. कात्री गठ्ठ्यावर ठेवून ती धावत पुढं आली, नानांच्या अगदी जवळून, आणि मोबाइल दोन्ही हातांत धरला.

"शाहबाजभाई, फुफीला सांगा. त्या बाईंना सांगायला सांगा. लहान मुलाला बोलावू नका म्हणावं."

"लहान मूल?" शाहबाजला काही कळेना. "कशाला?"

"चिठ्ठी काढायला. त्याला नका बोलावू. ते मत मग त्याचं होतं. त्याला नको असलं तरी."

दादी खुर्चीतून पुढं झुकली. हारुनभाई उठून उभे राहिले. झुलालनाना तिच्याकडे बघत होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू काहीतरी उजाडत होतं.

"नाही गं अफरीन," शाहबाज सावकाश म्हणाला. "इथं मुलाला नाही बोलावत. त्या बाईच काढतात. कायद्यानं त्यांचंच काम आहे ते."

"मोठ्या बाई?" दादीला पटेना. "त्यांचा काही पक्ष असेल की."

"या नोकरीत पक्षाचं काम करताच येत नाही, नानी. त्या कोणाच्याच नाहीत."

खाली मैदानात सगळं थांबलं होतं. बाईंनी दोन कागद वर धरून सगळ्यांना दाखवले. एकसारख्या घड्या घातल्या. एक रिकामी मतपेटी उलटी करून दाखवली, कागद आत टाकले, आणि एका माणसाला ती डोक्यापेक्षा उंच धरायला सांगितली. बाईंनी मान वळवली, भिंतीकडे बघितलं आणि हात वर करून पेटीत घातला.

अफरीनला माहीत होतं त्या क्षणी आत काय होतं. दोन्ही कागद बोटांना लागतात. एक सुटतो, एक राहतो.

बाईंनी कागद उलगडला आणि नाव वाचलं. एका कोपऱ्यात टाळ्या वाजल्या. कोण जिंकलं ते शाहबाजला सांगावं लागलं नाही, कारण पिकल्या केसांच्या त्या गृहस्थांनी आनंदानं दोन्ही हात तोंडावर धरले होते आणि त्यांच्या पाठीवर थापा पडत होत्या.

"गेली," दादी म्हणाली, आणि पदर डोळ्यांना लावला.

पण फुफी तिथून निघून गेली नाही. तिनं आधी त्या गृहस्थांचा हात हातात घेऊन हलवला. मग ती वळली, टेबलावरची पाण्याची बाटली उचलली, झाकण उघडलं आणि करड्या कोटातल्या त्या बाईंना दिली. बाई प्यायल्या. फुफी त्यांच्या दंडाला हात लावून थोडा वेळ तशीच उभी राहिली.

थोड्या वेळानं ती गॅलरीत आली. पडद्यावर तिचा चेहरा दिसला. डोळे लाल होते, पण आवाज नेहमीचा होता.

"अम्मी, रडू नको. निम्म्या लोकांनी माझ्या नावापुढं फुली मारली. मला या गावात कोण ओळखत होतं?" मग तिचं लक्ष गेलं. "अरे, झुलालनाना? तुम्ही पण?"

"मी बी शे व माय," नाना म्हणाले. "तुनं बी माझ्यासारखंच झालं म्हणायचं. राग नाही आला?"

"कोणाचा? चिठ्ठीचा?"

"त्या बाईचा."

"त्यांचा कसा येईल, नाना? त्यांचे हात किती कापत होते. मी अगदी शेजारी होते म्हणून मला दिसलं. एवढ्या लोकांना ठरवता आलं नाही ते त्यांच्या एकटीच्या हातावर टाकलं आम्ही. म्हणून पाणी दिलं. त्या म्हणाल्या, वीस वर्षं हे काम करते, आज पहिल्यांदा वाटलं की हात आपला नाही." फुफीनं ओढणीनं डोळे पुसले. "नाना, ते एक जादाचं मत असतं ना, ते कोणाचंच नसतं. शहर मधोमध अडकलं की पुढं ढकलायला असतं नुसतं."

फोन हारुनभाईंनी घेतला, दादी बोलू लागली, शाहबाज बोलू लागला. नाना मात्र स्टुलावर अफरीनकडे वळून बसले. त्यांचे तेलानं भाजलेले, डागाळलेले हात गुडघ्यांवर होते.

"बेटा," ते म्हणाले, "तुना हात बी कापत व्हता त्या दिवशी. माले दिसना, मी डोळ्यांनी पाहिलं." त्यांनी पंच्यानं कपाळ पुसलं. "तुला मीच बोलावलं तिथं. आणि पाणीसुद्धा न विचारता चालता झालो. मला वाटलं, तुझ्या बापानं तुला अडवलं. रोज चुरा बाजूला काढायचो आणि संध्याकाळी चिमण्यांना टाकायचो. अन तू काय समजत बसली होतीस, की ते मत तुझं?"

अफरीननं मान हलवली. हो की नाही, ते तिलाही नीट कळलं नाही.

"तू काय मत दिलं नाहीस, बाई. अर्धं गाव माझं निघालं आणि अर्धं हेमराजचं, त्याला तू काय करणार? मी रागावलो असेन तर त्या डब्यावर. तो डबा बी मनाच घरना व्हता, वेफर्सना." आणि नाना हसायला लागले, खांदे हलेपर्यंत. "बठ्ठं, अख्खं गाव डबा शोधत व्हतं, मीच आणून दिला."

दादी फोनवरून वळून बघायला लागली, काय झालं म्हणून. हारुनभाईही हसले, कशाला ते न कळता.

नानांनी मांडीवरची पुडी अफरीनसमोर धरली. आत सगळं एकत्र होतं, अख्खे वेफर्स आणि तळाशी चुरा. उन्हाची एक तिरीप दारातून येऊन मशीनवर पडली होती, आणि गठ्ठ्यावरच्या कात्रीची अक्षरं चमकत होती.

अफरीननं डोळे मिटले. उजवा हात पुडीत घातला. बोटांना कितीतरी वेफर्स लागले. त्यातला एक तिनं धरला, बाहेर काढला, आणि डोळे न उघडताच नानांच्या तळहातावर ठेवला.